शिळी यादी

नाक मुरडून ‘शी!’ म्हणायची अक्कांची खास पद्धत होती. चहात माशी पडली की आपण कप लांब सारतो, तसा त्या माउस लांब सारायच्या. “परत कुणी कॉपी केली? लई घाण सवय हाय तुमची!”

सोलापुरातल्या एका रक्तपेढीत आम्ही कामाला होतो. मी रक्तदात्यांना फोन करायचो, अक्का कॉम्प्युटर सांभाळायच्या. वळसंगच्या, घरी कानडी, ऑफिसात मराठी.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या शिस्तीला सगळे हसतात. रक्तदात्यांची माहिती एकाच फाइलीत राहिली पाहिजे, ही अक्कांची शिस्त. माझी फोनची यादी त्यांनी त्या फाइलीशी लिंक करून दिली होती. कुणाचा नंबर बदलला, कुणी वारलं, की त्या एकदाच लिहायच्या आणि माझ्याकडे आपोआप दिसायचं. “कॉपी म्हंजे कालचं कालवण,” त्या म्हणत. “वास कधी सुटंल, सांगता येत न्हाय.”

पण त्यांचा कॉम्प्युटर बंद असला की माझी यादी उघडायची नाही. एका मोठ्या शिबिराआधी मी वैतागलो, गुपचूप सगळी माहिती कॉपी करून घेतली आणि पुढे तीच वापरत राहिलो. काम झटपट व्हायचं. मी खूश.

दीडेक वर्षानं मोडनिंबहून एका बाईंचा फोन आला. अक्कांनी उचलला. बराच वेळ नुसतं “व्हय... व्हय” म्हणत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं.

त्या बाईंचा मुलगा आमचा रक्तदाता होता. गट दुर्मीळ. तो अपघातात गेला, तशी नोंद अक्कांनी लगेच केली होती. माझ्या कॉपीत तो जिवंतच होता. मी त्याच्या घरी चार वेळा फोन केला. दर वेळी आई म्हणाली, “तो न्हाय हो.” घरात नसेल, असं समजून मी पुढचं नाव घेतलं.

साहेब म्हणाले, “माफीचं पत्र पाठवून द्या.”

“शी!” अक्का म्हणाल्या, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीत बसवून मोडनिंबला नेलं.

त्या आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाणी दिलं. मी माफी मागितली. अक्का म्हणाल्या, “आई, आता फोन येणार न्हाय. त्याचं नावच काढून टाकते.”

ती दचकली. “फोन नका करू. पर नाव कशाला काढता? रेशन कार्डातनं काढलं, समद्यांनी काढलं. तुमच्यात तरी असू द्या की.”

अक्कांनी तिचा हात धरला. “ठेवते,” म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी माझी कॉपी पुसली. “पेनड्राइव्हवर हाय?” “आहे.” “घरी?” “आहे.” प्रत्येक उत्तराला त्या नाक मुरडत होत्या, आणि मला माझ्याच अंगाला घाण वास येतोय असं वाटत होतं. त्या मुलाचं नाव त्यांनी आपल्या फाइलीत ठेवलं. पुढे लिहिलं : फोन करू नये.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी जाता जाता माझंही कौतुक केलं. म्हणाले, “फोनवरून माणसं जोडावीत तर यांनी!” टाळ्या पडल्या. मी हात जोडून हसलोसुद्धा.

अक्कांनी टाळी वाजवली नाही. मांडीवरचा नारळ पिशवीत टाकला, शाल खुर्चीवरच ठेवली आणि भाषण संपायच्या आत वळसंगच्या गाडीला निघून गेल्या.