घोडोबाचा दगड

आमच्या गल्लीतले किस्से म्हणजे ऑक्टोबरमधली पानं आहेत यार. रेक करून बॅगेत भरा, मागे वळून बघा, पुन्हा तेवढीच! आणि निम्मे तरी त्या एका दगडापाशीच घडलेत.

गल्ली म्हणजे अमेरिकेत, ॲन आर्बरजवळच्या छोट्या टाउनमधला सगळ्यात जुना, विटांचा रस्ता. फुटपाथच्या कडेला एक चौकोनी दगड आहे. पूर्वी लोक बग्गीतून उतरताना त्याच्यावर पाय ठेवायचे. हे सगळं समोरच्या रूथ आजीमुळे माहीत. ऐंशीच्या पुढची आहे, पण दर रविवारी हिस्ट्री वॉक घेते.

*

एकदा माझी आई वॉकला आली. एका घरापाशी रूथ आजी एकदम ऐटीत म्हणाली, "इथला स्टोव्ह माझ्या आजीच्या काळातला!"

आई मला हळूच मराठीत म्हणाली, "माझा कुकर पण आजीच्याच काळातला आहे."

मी लगेच मोठ्यानं ट्रान्सलेट केलं!

पुढच्या रविवारी अख्खा वॉक आमच्या किचनमध्ये. आई गाउनवर. कुकरनं शिट्टी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

*

एकदा आजीला सर्दी झाली. हिस्ट्रीत मला डी आहे, तरी वॉक मीच घेतला. म्हटलं, "या दगडावर एका प्रेसिडेंटचा घोडा घसरून पडला." एक बाई तर दगडाला कुरवाळत बसली.

आजीला कळलंच. तिनं बोलावलं. म्हटलं, मेलो आता.

आजी म्हणाली, "घोडा नको सांगूस. घोडी सांग. लोक जास्त रडतात."

*

दसऱ्याला नागपूरच्या वैद्य काकूंची नवीन गाडी आली. पूजा झाली, पण नारळ फोडायचा कुठे?

काका ओरडले, "ड्राइव्हवेवर नको! घरमालक आपल्याला फोडेल!"

मी दगड दाखवला. फट्! एका दणक्यात दोन भकलं. काकूंनी खुश होऊन दगडालाही हळदकुंकू लावलं. तेवढ्यात रूथ आजी धावत बाहेर आली.

"सॉरी सॉरी, पुसते हं!" काकूंचा चेहरा एवढासा झाला.

आजीनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "पुसू नकोस. कोणीतरी वापरला बाई एकदाचा!"

त्यानंतर आजूबाजूच्या कुठल्याही मराठी माणसानं गाडी घेतली, की नारळ आमच्याच दगडावर.

*

पहिला बर्फ पडला त्या दिवशी बघतो तर मास्टर्स करणारा एक दादा दगडासमोर उभा. बूट काढून! नुसत्या मोज्यांवर!

"कोणाचं रे देवस्थान हे?"

"घोडोबाचं," मी म्हणालो.

"पावतो का? ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सारखा फेल होतोय यार."

"त्यासाठीच फेमस आहे!"

दुसऱ्या दिवशी दादा पेढे घेऊन हजर. पास! तिथून पुढे घोडोबा काही माझ्या हातात राहिला नाही.

*

मग एके दिवशी दगडावर सिटीची नारिंगी नोटीस चिकटवलेली. बर्फ काढणारी गाडी अडते, दगड वापरात नाही, म्हणून हलवणार. शनिवारी ऑफिसर पाहणीला येणार.

रूथ आजी तिच्या घराच्या पायरीवर बसली होती.

"माझी आजी नवरी होऊन याच दगडावर उतरली," ती म्हणाली. "मी गेल्यावर काय करायचं ते करा म्हणावं. माझ्या आधी हा जायला नको."

मी तडक निघालो.

घरी जाऊन आईच्या फोनवरून मराठी ग्रुपवर मेसेज टाकला. "शनिवारी सकाळी घोडोबाची जत्रा. गाडी जुनी असली तरी चालेल. नारळ आपापला आणावा."

शनिवारी गल्लीच्या टोकापर्यंत गाड्या! वैद्य काकू ट्रॅफिक कंट्रोल करतायत, पेढेवाला दादा नारळ फोडतोय, रूथ आजी जॅकेटवर काकूंची शाल घेऊन प्रसाद वाटतेय. ऑफिसरला पार्किंगच मिळेना. बिचारा लांब कुठेतरी ट्रक लावून चालत आला.

दगडाकडे बघितलं. कुंकू, फुलं, खोबरं. लायनीकडे बघितलं.

"हे सगळे... दगड वापरायला आलेत?"

"रोजचंच आहे," आजी म्हणाली.

ऑफिसर जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "माझा ट्रक नवीनच आहे. लाइन कुठून सुरू होते?"

आजीनं नोटिशीकडे बोट दाखवलं. "आधी ती काढ."

त्यानं टराटरा काढून खिशात कोंबली.

"आणि बूट पण!"