साचेखात्यातल्या मगबाई

आमच्या बाईंना ‘का’ विचारलेलं खपत नसे. स्वतः इतक्या चौकस, की रस्त्यानं जाताना कोणाच्या दारात नवी चप्पल दिसली तरी त्यांचा पाय घुटमळायचा. पण माणसाला ‘का’ विचारायचं नाही, हा त्यांचा कायदा. “काहून म्हटलं की समोरचा वकील होते,” त्या म्हणायच्या. “कारणं देते, मनातलं देत नाही.” त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असे, ‘मग?’ तो विचारून त्या मान जराशी कलती करून बसत आणि समोरचा आपोआप बोलू लागे. वर्गात आम्ही त्यांचं नाव मगबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी बी. ए. होऊन कामगार कल्याणाच्या पदव्युत्तर वर्गात गेले तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात कोणी विचारलं, पोरगी काय शिकते, तर बाबा “कामगारांचं काहीतरी” म्हणून घाईघाईनं थान उलगडायला घेत. बाईंचा विषय तर सांगायला त्याहून अवघड : कामाच्या जागी माणसाचं मन कसं राहतं. त्या काळात मन बिघडणं म्हणजे एकदम वेड्यांचं इस्पितळ, मधलं स्टेशनच नव्हतं. बाईंना सगळा रस त्या मधल्या स्टेशनांतच होता.

अभ्यासाचा भाग म्हणून आम्हाला एका कापड गिरणीत जावं लागे. फरशीवर तेल सांडलेलं असे म्हणून बाई नऊवारी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मोठ्या रुबाबात यायच्या. गिरणीत मागाला साचा म्हणत आणि असंख्य साचे एकदम चालत ते साचेखातं. आत पाय ठेवला की कान बधिर. त्या गदारोळात विणकर आवाजानं बोलतच नसत. नुसते ओठ हलवत आणि पलीकडचा ते वाचत असे. सोयरिकी जुळत, भांडणं होत, चेष्टामस्करी चाले, सगळं बिनआवाजी. बाईंना या प्रकारानं वेडच लावलं. कँटीनमध्ये म्हाताऱ्या विणकरांसमोर बसून त्या ते शिकू लागल्या. एवढ्यावर भागलं नाही, म्हणून सीताबर्डीला बसची वाट पाहताना आमच्याकडं बघून ओठ हलवून दाखवायच्या. लोक वळून बघत आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्याच वर्षी नामदेवची भानगड उभी राहिली. नामदेव साचेखात्यातला जुना, हाताचा चांगला विणकर. पण अलीकडं त्याच्या साच्यावर धागा तुटला तरी त्याचं लक्ष नसे, आणि कापड डागी निघे. ताकिदी देऊन झाल्या होत्या. आता पुढची पायरी म्हणजे कामावरून कमी करणं. लेबर ऑफिसरांनी, जमलं तर बघा, म्हणून प्रकरण बाईंकडं दिलं. निवांत बोलता यावं म्हणून बाईंनी शिपायाकरवी त्याला ऑफिसरांच्याच रिकाम्या खोलीत बोलावलं. नामदेव हातपाय धुऊन, टोपी काढून आला. बसला नाही. बाईंनी मोठ्या मायेनं ‘मग?’ विचारलं. त्यानं एवढंच म्हटलं, “सही कुठं करू?” आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचा बंद झाला.

त्या खोलीत विणकराला बोलावत ते फक्त चार्जशीट हातात द्यायला, हे साऱ्या गिरणीला माहीत होतं. बाईंच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. आपल्याला काढलं असंच नामदेव धरून चालला होता. हे कळल्यावर बाईंचा चेहरा पडला, पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रिक्षा करून त्या मला घेऊन थेट लकडगंजापलीकडं त्याच्या वस्तीत गेल्या.

नामदेव दारातच बसला होता. बाई त्याच्यासमोर ओट्यावर टेकल्या. “चूक माझी झाली, गा. त्या खोलीत बोलवायले नको होतं. तुले कोणी काढलं नाही.” त्या बोलत असताना तो त्यांच्या डोळ्यांकडं नाही, ओठांकडं बघत होता. ते बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवून काहीतरी विचारलं. नामदेवचा चेहराच बदलला. तोही तसाच, आवाज न करता, भराभरा सांगू लागला. मी बाजूला बसून आळीपाळीनं दोघांची तोंडं बघत होते. शेवटी माझी कीव आली असावी, म्हणून तो मोठ्यानं बोलला.

“शेजारच्या साच्यावरचा दौलत रिटायर होऊन गावाले गेला. आता घरी कोणी बोललं त मले आयकू येत नाही, अन् तिथं साच्यावर मी बोललो त कोणी पायत नाही.”

दौलतच्या जागी आलेला नवा पोरगा ओठ वाचणारा नव्हता. नामदेव सवयीनं तिकडं बघे, आणि इकडं धागा तुटून जाई.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसरांसमोर उभ्या राहिल्या. नामदेवची गैरहजेरी आपल्या चुकीमुळं झाली हे त्यांनी सरळ कबूल केलं, आणि त्याला किसन नावाच्या जुन्या विणकराशेजारचा साचा द्या, अशी मागणी केली. औषध नाही, उपदेश नाही, नुसती जागा बदलायची, हे ऑफिसरांना पटेना. हो-ना करता करता त्यांनी महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात कापड सुधारलं नाही तर नामदेवची नोकरी गेली.

मुदत संपली तेव्हा बाई आणि मी ऑफिसरांबरोबर साचेखात्यात गेलो. ऑफिसरांनी नामदेवचं कापड उजेडात धरून खालीवर पाहिलं. डाग सापडेना. मान हलवून ते निघून गेले. नोकरी राहिली. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

नामदेवला किसनकडं बघता बघता हसू येत होतं. मग त्याचे ओठ भराभरा चालू लागले, आणि बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले. मला राहवेना. बाईंच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून विचारलं, काय सांगतोय तो? बाई तोवर त्या बोलीत चांगल्या तयार झाल्या होत्या. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि चक्क साच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. दारात नवी चप्पल दिसली तर थांबणाऱ्या बाई. बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं.

“तो किसनशी बोलून राहिला होता, वं पोरी,” त्या म्हणाल्या. “आपल्याशी नाही.”

परीक्षा झाल्यावर बाई निवृत्त होऊन अमरावतीला भावाकडं गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. पुढं मी कारखान्यांतून नोकरी केली. पुष्कळ लोक माझ्याशी पुष्कळ बोलले. पुष्कळदा मीही वेळेवर पाठ फिरवली. पण माझा मूळचा चौकसपणा काही गेलेला नाही. त्या एका क्षणात बाईंनी नामदेवच्या ओठांवर काहीतरी वाचलं होतं खास. काय, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.