बंद शटरशी भांडणाऱ्या अक्का

बंद शटरशी तासभर भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुळ्याच्या बाजारात, भर दुपारी, कुलूप लावलेल्या दुकानावर हातातली वहाण आपटत अक्का अहिराणीत विचारत होत्या, "दुकान बंद व्हयनं, पन मानूस ते जित्ता शे ना?" येणारे-जाणारे हसत होते. मला हसू आलं नाही, आजही येत नाही.

अक्का म्हणजे शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावाची सुईण. गावात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. नव्वदच्या सुमारास मी तिथे शाळेत शिकवत होते आणि अक्कांच्याच घरी राहत होते. धुळ्याच्या एका दुकानदाराने त्यांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हावर चालणारी काच बसवली, खाली बॅटरी आणि एक ट्यूब दिली. "दर पावसाळ्याआधी येऊन बघून जाऊ," असं तोंड भरून सांगून गेला. तेव्हापासून अडलेल्या बायका अक्कांच्याच घरी येऊ लागल्या. "आते पोरनं तोंड दिखस," अक्का अभिमानाने म्हणायच्या.

काचेला त्या जिवापाड जपत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी शेजारणी पापड वाळत घालायला धाब्यावर चढल्या, की खालून आरोळी जायची, "मन्हा काचवर सावली कोन टाकी ऱ्हायनी व?" शेजारणी हसत बाजूला सरकायच्या.

गावाने त्या काचेला एक मानही दिला होता. बाळाच्या पाचवीला सटवाईची पूजा झाली, की घरची एखादी बाई वर चढून काचेलाही तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावून यायची. बाळ उजेडात आलं, म्हणून. अक्का रोज सकाळी पदराने काच पुसायच्या, पण कुंकवाच्या बोटांना वळसा घालून. देवाचं कुंकू पुसायचं कसं?

दुकानदार पावसाळ्याआधी आला नाही, नंतरही आला नाही. उजेड मंदावत गेला. अक्का एसटीने धुळ्याला जाऊन आल्या, तर दुकानाला कुलूप. पुन्हा गेल्या, पुन्हा कुलूप. मग एक बाळंतपण चिमणीवर करावं लागलं. रक्त किती जातंय ते त्या उजेडात वेळेवर दिसलं नाही. मुलगी वाचली, आई गेली.

त्यानंतर अक्का मला सोबत घेऊन धुळ्याला गेल्या, तेच हे शटरशी भांडण. शेजारच्या गाळ्यात शिलाई मशिनी दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांना ते बघवेना. "उसका पता किसी को मालूम नहीं, अक्का. मैं आके देखता हूँ," म्हणाले आणि खरंच आले. बॅटरीतलं पाणी पार आटलं होतं. काचेवर कुंकवाचा जाड थर बसून ऊन अडत होतं. त्यांनी ते हळूच सांगितलं.

अक्का मटकन खाली बसल्या. "मंग अंधारं मीच करं का व, बाई?"

माझं डोकं भणाणून गेलं. बॅटरीत पाणी घालत जा, काच सगळी पुसत जा; ही दोन वाक्यं सांगायला त्या दुकानदाराची जीभ झिजली असती का? विकताना त्याला आमच्या गावाचा रस्ता बरोबर सापडला होता. मी अक्कांना परोपरीने समजावलं, पण त्यांनी दोष स्वतःकडेच घेतला.

पुढे कुंकवाचं बोट काचेखालच्या लाकडी खांबाला लागू लागलं, बॅटरीचं पाणी चाचा पाठवत राहिले, ट्यूब पुन्हा लख्ख झाली. पण ती मुलगी दारावरून गेली, की अक्का तोंड फिरवून घ्यायच्या. त्या जाईपर्यंत हे सुटलं नाही.

नंतर माझी बदली जळगावला झाली. मेहरूण तलावाकडे जाताना एका नव्या दुकानात, नव्या पाटीखाली, तोच माणूस बसलेला दिसला. काचा त्याच होत्या. मी आत गेले, अक्कांची सगळी हकिगत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते दुकान केव्हाच बंद झालं."

इतकी वर्षं अक्कांच्या गावात राहून मी कधी अहिराणी बोलले नव्हते. त्या दिवशी वहाण हातात कधी आली, कळलंच नाही.

"दुकान बंद व्हयनं," मी म्हणाले, "तू ते जित्ता शे ना?"