काऊन सरांची सही

चिखलीच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयात त्यांना सगळे ‘काऊन सर’ म्हणत. कोणताही निष्कर्ष समोर ठेवा, सर ‘का?’ असे वऱ्हाडीत विचारणार, “काऊन?” शिपायाने आज चहा फक्कड झाल्याचे सांगितले, तरी म्हणत, “काऊन? पत्ती बदलली, का मले भूक लागली म्हून?”

ते माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. मी चाळिशी ओलांडलेला, तात्पुरत्या नेमणुकीवरचा. जूनपूर्वी प्रबंध गेला तरच नोकरी टिकणार होती. मेहकरकडच्या एका निवासी शाळेत मी ‘अ’ तुकडीला चित्रकार्डांवरून अपूर्णांक शिकवले. ‘ब’ तुकडी नेहमीप्रमाणे फळ्यावर शिकली. दोन्हींचे गुण सारखेच आले. मी लिहिले, ‘पद्धतीचा परिणाम आढळला नाही.’

“काऊन?” म्हणत सर मला जीपमध्ये घालून थेट त्या शाळेच्या वसतिगृहात घेऊन गेले.

“कार्डं कोठी ठेवता रे?” त्यांनी ‘अ’ तुकडीतल्या एका मुलाला विचारले.

“कॉटखाली, सर. जेवन झालं का समदे खेळतो. ‘ब’वाले पन. त्याइले येत नव्हतं, मंग आमीच शिकवलं.”

सर खळखळून हसले. “पोरं गुनाची निघाली बाप्पा! तुह्या प्रयोगाचे बारा वाजवले त्याइनं.”

मला हसू आले नाही. परिणाम झाला म्हणावे तर पुरावा नव्हता. झाला नाही म्हणणे आता खोटे ठरत होते. प्रयोग पुन्हा करावा, तर जून थांबणार नव्हता.

“सर, तेवढी एक ओळ राहू द्या,” मी हळूच विनवले.

“आन् ते वाचून देऊळगाव राजाचा एखांदा मास्तर कार्डं फेकून देईन. त्याची पोरं तर शाळा सुटली का आपापल्या घरी जातात. त्याइचं काय?”

त्यांनी प्रबंधावर सही केली नाही. माझी नेमणूक संपली. पुढच्या वर्षी गावातल्या शाळांत प्रयोग नव्याने केला, त्यावर त्यांची सही झाली. पण तोवर जागा भरली होती. आज पन्नाशी उलटून गेल्यावरही मी खासगी शिकवणीच्या त्याच एका खोलीत आहे. मला अडकवले ते सरांनी, जूनने, की माझ्याच घाईने, हे अजून वेगळे काढता आलेले नाही.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे जालन्याला निघाले, तेव्हा मी बसस्थानकावर गेलो.

“माह्यावर राग हाय?”

“नाही, सर.”

“तोंडावर इचारलं तर कोन हाव म्हनन? माहाच प्रश्न चुकला.”

मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. त्या दिवशी राग होता. तो ओसरला, हे सांगायला जालन्याला जावे असे ठरवत राहिलो, आणि सर गेल्याची बातमी आली.