राणीचे केस

"माझ्या केसांक कोणी हात लावल्यान, तर हात मोडून ठेवीन!"

नील आखातातल्या त्या स्मशानात असा गरजला, की शेजारच्या अंत्ययात्रेतली माणसं आपला माणूस सोडून आमच्याकडे बघायला लागली. त्याच्या एका मुठीत सख्ख्या मामाची कॉलर, दुसरीत मामाचं मनगट आणि त्या मनगटाच्या टोकाला घरघरणारा ट्रिमर. अल रीम आयलंडवरून आलेले सदामामा बँकेतले मोठे साहेब. बाप गेला म्हणजे मुलाने डोकं भादरूनच अग्नी द्यायचा, यावर ते ठाम होते. आणि ज्याच्यासाठी आम्ही जमलो होतो तो नीलचा बाप, माझा मित्र बाबल, मधोमध शांत पडून होता... छातीवर त्याची ती गुडघ्यापर्यंत पोचणारी वेणी. एवढी मारामारी चालली असताना बाबलने हात घातला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मी मात्र गार पडलो होतो ते वेगळ्याच कारणाने. अल मनखूलमध्ये वाढलेलं हे पोर. आईने जेवायला हाक मारली तर "कमिंग, मॉम" म्हणणार आणि येणार नाही. ते मालवणीत बोंबलत होतं!

बाबलचं घराणं दशावतारातलं, स्त्रीपार्टीचं. म्हणजे पुरुषांनी लुगडं नेसून राण्या उभ्या करायच्या. आजोबा, वडील, मग बाबल. त्या घराचा एकच कायदा होता. विग लावायचा नाही. केस स्वतःचे वाढवायचे आणि राक्षसाने ते खरेच ओढायचे. "विग ओढलो तर दुखणा नाय," बाबल सांगायचा, "आणि दुखला नाय तर राणी वरडतली कशी?" म्हणूनच त्या घरात बापाच्या मागे मुलगा मुंडन करत नसे, नाहीतर पुढच्या मोसमात राणीच नाही. बाबलचे वडील गेले तेव्हा गावकऱ्यांनी हट्टाने न्हावी आणला. बाबल खळ्यात कोयता घेऊन उभा राहिला. तो न्हावी जो धावत सुटला तो थेट सावंतवाडीला पोचून थांबला. रस्त्यात त्याने दोन एसट्या मागे टाकल्या, असं बघणारे सांगतात.

रास अल खोरच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघे ट्रक दुरुस्त करायचो. केस टोपीखाली. नवीन आलेल्या एका पहिलवान पेंटरने एकदा गंमत म्हणून मागून टोपी उडवली आणि वेणीला हिसका दिला. बाबलने जॅकचा दांडा उचलला आणि त्याला असा पिटाळला, की त्याचे डबे सांडून अर्धी गल्ली निळी झाली. नाकाचं हाड गेलं बिचाऱ्याचं. नंतर तोच दर वर्षी आमच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसायचा, नाक चोळत.

नाटक थंडीत, कोकणातली सगळी पोरं जमवून. बाबल राणी, मी राक्षस. माझी पकड तुम्हाला काय सांगू... वेणी मनगटाला गुंडाळून मी त्याला रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटवायचो, फळ्यांचे खिळे उपटून वर यायचे. राणी अशी किंचाळायची, की बाहेर गाड्यांचे अलार्म वाजायचे. कुडाळचा एक क्रेनवाला एकदा सहन न होऊन वर चढला आणि माझा पुढचा दात पाडला. शेवटी राणी माझ्या छातीवर बसून नरडं दाबायची, तिच्या नखांचे वण अजून माझ्या मानेवर आहेत. एक जपानी इंजिनिअर ते बघून रडला. म्हणाला, आमच्याकडेही अशी घराणी आहेत, आजा, बाप, मुलगा पिढ्यान् पिढ्या बायकांचीच कामं करतात. बाबलने मला दुभाष्या करून एवढंच विचारलं, केस खरे काय? विग असतात कळल्यावर त्याने त्या माणसाला सांत्वन केल्यासारखा चहा पाजला.

घरात मात्र त्याचं काही चालेना. नील शाळेत असताना म्हणाला होता, "पप्पा, प्लीज, मला घ्यायला येताना टोपी घाला." त्या दिवसापासून, नाटक सोडलं तर, बाबलने टोपी काढली नाही. आजोबांची रेड्याच्या शिंगाची फणी होती त्याच्याकडे. ती माझ्यामागे माळ्यार जातली, एवढं एकच दुःख तो माझ्याजवळ बोलायचा. गेल्या वर्षभरात नीलचे केस वाढले, वर अंबाडा आला. आम्ही म्हटलं, जिमची फॅशन. मी बाबलला सांगितलं, विचार की एकदा. तो म्हणाला, "इचारलंय आणि कापल्यान तर?"

मग एका दुपारी तो ट्रकखालून बाहेर सरकला, "यल्ला, चाय सांग" म्हणाला... चहा यायच्या आत खलास. टोपी निघाली होती. तेलकट फरशीवर केस असे पसरले होते, की त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून सगळं गॅरेज भिंतीला चिकटून उभं.

तर स्मशानात. मामांनी हात उगारला, नीलचा ओठ फाटला. नीलने डोक्याने धडक दिली, मामांचा चष्मा वाळूत. मी राक्षस, छाती काढून मध्ये पडलो आणि दोघांकडूनही फटके खाल्ले. मग वहिनी पुढे झाल्या. भावाच्या हातातून ट्रिमर काढून घेतला, बंद केला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "नील, अग्नी दे." नीलने रक्ताळल्या ओठाने, केस मोकळे सोडून अग्नी दिला.

काही आठवड्यांनी मी मनखूलला गेलो. शिंगाची फणी नेहमीच्या जागी, आरशाशेजारच्या खिळ्यावर. तिच्या दातांत बाबलचे लांब पांढरे केस अडकले होते, त्यांच्यात गुंतलेले आखूड काळे. नीलने फणी काढली आणि आरशासमोर विंचरायला लागला. थंडी तोंडावर आलेली. मी घसा खाकरून विचारलं, राणी म्हणून उभा राहशील का? वर धाकही घातला. म्हटलं, बाळा, राक्षस मीच आहे, माझी पकड फक्त तुझ्या बापाने सोसली, मुळापासून उपटून येतील.

त्याने विंचरणं थांबवलं नाही. म्हणाला, "पप्पा सांगायचे, तुम्ही कधी नीट ओढलंच नाही, काका."