महालक्ष्म्या ओट्यावर

आमच्या देवासच्या घरी महालक्ष्म्या हॉलच्या पूर्वेच्या भिंतीशी बसतात. त्या वर्षी भिंतीला नवा रंग हवा, असं माझ्या सासऱ्यांनी ऐन वेळी ठरवलं. रिटायर झाल्यापासून बाबा सगळं ऐन वेळीच ठरवतात. ऑइल पेंट मारून झाल्यावर रंगारी बजावून गेला, “बाबूजी, खिड़की खुल्ली रखना, नी तो माथा फिर जाएगा.” त्याची पाठ वळताच बाबांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. समोर रस्ता खोदलेला होता, आणि ओल्या रंगावर धूळ बसलेली त्यांच्या जिवाला लागली असती.

खरा जीव सासूबाईंचा चालला होता. आईंना दमा आहे. तो त्यांनी कधीच कबूल केलेला नाही. पंप पदराआड ओढतात आणि विचारलं की “ठसका लागला” म्हणतात. रंगाच्या वासापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसले होते. म्हणून म्हटलं, “आई, चार दिवस धारला वन्संकडे जाऊन या.”

“महालक्ष्म्या इथे नि मी धारला? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. सकाळी अंघोळ करून आई हॉलमध्ये गेल्या आणि किंचाळल्या. कोपऱ्याकोपऱ्यात वाट्या होत्या आणि वाट्यांत चिरलेला कांदा. चातुर्मासात आमच्याकडे कांदा उंबरठासुद्धा ओलांडत नाही.

“कोणी आणला हा?”

“अगं, मोबाइलवर बघितलं,” बाबा म्हणाले. “कांदा सारी बास खींच लेता है.”

“देवीच्या खोलीत कांदा! तुमची अक्कल...” आणि पुढचा शब्द येईना. आईंनी आधाराला हात टेकला तो थेट भिंतीवर. नुसती शीळ वाजल्यासारखा श्वास येत होता. मी हादरले. खिडक्या धाडधाड उघडल्या, त्यांना पंप दिला. जरा बोलता यायला लागलं तशा म्हणाल्या, “काही नाही, ठसका लागला. वाट्या उचला आधी.”

आता मात्र माझं डोकं सणकलं. या बाईला घराबाहेर काढायचं तर आधी देवींना काढावं लागणार, हे मला लख्ख कळलं. मी मुखवट्यांची पेटी उचलली आणि मागच्या दाराबाहेरच्या ओट्याकडे निघाले.

“तीन पिढ्या त्याच भिंतीशी बसतात त्या!” बाबा ओरडले.

“तीन पिढ्यांत कुणी खिडक्या लावून ऑइल पेंट मारला नव्हता. स्टँड घ्या आणि या मागे.”

बाबा स्टँड घेऊन आले. महालक्ष्म्या ओट्यावर बसल्या. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून आईंनी तिन्ही दिवस तिथेच मुक्काम ठोकला, आणि विसर्जनाच्या आरतीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला आरती म्हणवेना, मी त्यांचा श्वासच ऐकत राहिले.

भिंतीवर त्यांचा पंजा उमटला होता. रंगारी दुरुस्तीला आला तर बाबांनी त्याला तिथे ब्रश लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी रंग केव्हाच वाळलेला होता. मी आईंना विचारलं, “यंदा आत बसवायच्या ना?”

“नको,” आई म्हणाल्या. “आत गुदमरतं गं त्यांना.”