उतारावरची दोन झाडं

वाल्ट्राउड एगार्टनर आमच्या टिरोलमधल्या खेड्यात लग्नांचे फोटो काढायची, झिथर वाजवायची आणि पदरमोड करून सिनेमे बनवायची. गावावरच्या डोंगराचा फोटो ती दर रविवारी काढायची. एका रविवारी तिने मागचा आणि आजचा फोटो खानावळीत सरपंचांपुढे ठेवला.

"ही दोन झाडं आठवड्यात वाकलीत. गाव रिकामं करा."

"बाई, दरड तुमच्या सिनेमात कोसळू दे," सरपंच हसले.

म्हातारा लाकूडतोड्या क्सावर मात्र फोटो बघून ताडकन उठला. "मी गाई हलवतो." मग एकेक घर निघालं.

संध्याकाळी दरड आली. माणसं वाचली, पण वाल्ट्राउडचं घर वीस वर्षांच्या फिल्मसकट गाडलं गेलं.

"निदान दरड तरी टिपलीस का?" मी विचारलं.

"तुझ्या आईला पाठीवर घेतलं होतं. कॅमेरा कुठे धरणार?"